फ्लॅटलँड, मल्लखांब आणि ‘स्टंटबाजी’ हा शब्द

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या शहर पानावर, उड्डाणपुलाखालच्या मोकळ्या जागेत छोट्या सायकलींवर कसरती करणाऱ्या मुलांची बातमी आणि भर रस्त्यात मोटारसायकलींची पुढची चाके उचलून धावणाऱ्या तरुणांची बातमी, अशा दोन बातम्या ‘स्टंटबाजी’ या एकाच मथळ्याखाली छापल्या होत्या. मोटारसायकलवाल्यांची बाजू घेण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु सायकलवाली मुले सपाट जमिनीवर तोलाच्या ज्या कसरती करत होती त्यांना फ्लॅटलँड म्हणतात, आणि त्यातला एकच प्रकार शिकण्यासाठी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी चौदा महिने घालवलेला वाचक या नात्याने, त्यांना त्या मथळ्याखाली बसवणे अन्यायाचे आहे असे मला वाटते.

या प्रकाराचा उगम अमेरिकेतला. बीएमएक्सच्या, म्हणजे मातीच्या उंचसखल वाटेवरच्या शर्यतींसाठी बनलेल्या छोट्या सायकलींवर शर्यतीबाहेरच्या कसरती करण्याची सुरुवात १९७०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात बॉब हॅरो आणि त्यांच्या साथीदारांनी केली. पुढे १९८०च्या दशकात पेनसिल्व्हेनियातील यॉर्क येथील केविन जोन्स यांनी, ब्रेक दाबून जागच्या जागी तोल सांभाळण्याऐवजी चाक सतत फिरते ठेवून एका पवित्र्यातून दुसऱ्या पवित्र्यात जाण्याची पद्धत रुजवली, आणि आजचे फ्लॅटलँड बहुतांशी त्याच वाटेने चालते. उतार नाही, उडी नाही, वेग तर जेमतेम भराभर चालणाऱ्या माणसाइतका. स्पेनचे विकी गोमेझ, फ्रान्सचे मातियास दांद्वा, जपानचे योहेई उचिनो ही या खेळातली जगभर ओळखली जाणारी नावे आहेत, आणि २०१९पासून जागतिक सायकलिंग महासंघाच्या शहरी सायकलिंगच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत फ्लॅटलँडला स्वतंत्र स्थान आहे. ऑलिम्पिकमध्ये बीएमएक्सची शर्यत २००८ साली आली, टोकियोत पार्क हा उतारांवरून उड्या घेत करायच्या कसरतींचा प्रकार आला. फ्लॅटलँड अजून बाहेरच आहे.

माझ्याकडे ही सायकल आली ती पुतण्यामुळे. तो शिक्षणासाठी परदेशी गेला आणि ‘काका, हवा तेवढी भरत जा’ एवढे सांगून सायकल माझ्या गॅलरीत ठेवून गेला. २० इंची चाके, दोन्ही आसांच्या टोकांना पाय ठेवण्यासाठी बसवलेल्या वीतभरही लांब नसलेल्या धातूच्या नळ्या, ज्यांना पेग म्हणतात, आणि ब्रेक एकही नाही. ब्रेकची तार नसली की हँडल कितीही वेळा गोल फिरवता येते, हे मला नंतर समजले. टायरमध्ये मात्र १०० पीएसआयपर्यंत हवा भरतात, कारण एकाच चाकावर सगळे वजन येते तेव्हा दबलेला टायर रस्ता धरून बसतो. हवा भरता भरता मी एक दिवस खाली घेऊन उतरलो, एवढेच.

मी शिकायला घेतलेला प्रकार ‘हँग फाइव्ह’ या नावाने ओळखला जातो. जाणकार त्याला सुरुवातीच्या प्रकारांत मोजतात. चालत्या सायकलवर एक पाय पुढच्या पेगवर ठेवायचा, दुसरा पाय पेडलवरून काढून मोकळा सोडायचा, छाती हँडलच्या पुढे न्यायची, आणि मागचे चाक उचलले गेले की केवळ पुढच्या चाकावर, पेडल व ब्रेक यांच्याविना, जमेल तेवढे पुढे जायचे. लिहायला सोपे आहे. डावीउजवीकडचा तोल हँडलने सांभाळता येतो. ज्या बाजूला पडतो आहोत त्याच बाजूला चाक किंचित वळवायचे, हे लहानपणी सायकल शिकलेल्या प्रत्येकाच्या हाताला ठाऊक असते. खरी अडचण पुढेमागेची आहे. मागचे चाक खाली येऊ लागले तर वजन पुढे आणि डोक्यावरून येऊ लागले तर वजन मागे, आणि ते हलवण्यासाठी हाताशी काय, तर कंबर, सरळ ठेवलेले हात आणि तो एक मोकळा पाय, जो तराजूच्या पारड्यात कमीजास्त करायच्या छोट्या मापासारखा काम करतो.

जवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी परवानगी दिल्यामुळे मी पहाटे साडेपाच ते साडेसहा त्यांच्या बास्केटबॉल कोर्टवर सराव केला. पहिले दोन महिने मी मागचे चाक उचललेच नाही. एक पाय पेगवर, दुसरा जमिनीवर, अशी लहान मुलाच्या स्कूटरसारखी ढकलत नेत असे, आणि फिरायला आलेले ज्येष्ठ नागरिक ‘पेडल तुटले का हो?’ असे आस्थेने विचारत. त्यानंतर शिकलो ते पडणे. सायकल पुढे उलटू लागली की हँडल सोडून पुढे पाऊल टाकायचे आणि चालत बाहेर पडायचे. सायकल मागे पडली तर पडू द्यायची. घाबरून हँडल धरून ठेवणारा माणूसच सायकलसकट पडतो. नडगीला पट्टे बांधलेले असूनही पेगचे वळ मिरवत मी कचेरीत गेलो आहे, आणि हेल्मेटशिवाय एकही दिवस उतरलो नाही.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या चौकोनांत, मी रोजचे अंतर लिहीत असे. सहाव्या महिन्यापर्यंत तेथे ‘एक हात’, ‘दीड हात’ एवढेच सापडते. चूक दुहेरी होती. भीतीपोटी मी फार हळू निघत होतो, त्यामुळे चाक वळवून तोल सावरण्याआधीच सायकल आडवी होत असे; आणि नजर चाकावर खिळलेली असल्यामुळे पाठ वाकून वजन कोठे आहे हे कळत नसे. थोडा अधिक वेग घेतला आणि नजर समोरच्या भिंतीवरच्या सुविचाराच्या फळ्यावर ठेवली, तेव्हा अंतर वाढू लागले. दहाव्या महिन्यात फ्री थ्रोच्या रेषेपासून टोकाच्या रेषेपर्यंतचे ५.८ मीटर पार झाले. चौदाव्या महिन्यात मध्यरेषेपासून टोकापर्यंत, म्हणजे १४ मीटर, मी एका चाकावर गेलो. त्या वेळी कोर्टवर झाडणाऱ्या मावशींखेरीज कोणी नव्हते, आणि त्यांनी ‘कडेला व्हा’ एवढेच म्हटले.

शाळकरी वयात मी पुरलेल्या मल्लखांबावर चार वर्षे काढली आहेत, म्हणून मला या दोहोंतले नाते ठळकपणे दिसते. अढी, म्हणजे खांबाला घातलेली पायांची पकड, पक्की झाल्याशिवाय गुरुजी पुढची उडी देत नसत. येथेही तसेच आहे. पेशवाईच्या उत्तरार्धात बाळंभटदादा देवधरांनी ज्या विद्येला ऊर्जितावस्था आणली, तीही पुढे कित्येक वर्षे शाळेच्या स्नेहसंमेलनातली करमणूक म्हणूनच पाहिली गेली, आणि खेलो इंडियाच्या युवा स्पर्धांत तिला स्थान मिळाले ते अगदी अलीकडे. मल्लखांबावरून घसरणाऱ्या मुलाला आपण ‘स्टंटबाज’ म्हणत नाही. मग महिनोन्‌महिने एकाच हालचालीपाशी अडलेल्या सायकलवरच्या मुलाला तरी का म्हणावे?

आपल्या बातमीत ‘ही मुले उड्डाणपुलाखालीच का जमतात’ असा एका नागरिकाचा प्रश्न छापला होता. त्याचे उत्तर पायाखाली आहे. या सायकलीला बॅडमिंटनच्या कोर्टाएवढी सलग, गुळगुळीत, कोरडी फरशी किंवा काँक्रीट लागते. गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या सोसायट्यांची आवारे, पदपथ आणि उद्यानांतल्या मोकळ्या जागा पेव्हर ब्लॉकने भरून गेल्या आहेत, आणि प्रत्येक ब्लॉकच्या फटीपाशी एका चाकावरचा तोल डळमळतो. जी आवारे सपाट उरली आहेत तेथे गाड्या लागतात आणि वॉचमन शिट्टी वाजवतो. पुलाखाली काँक्रीट आहे, सावली आहे, पावसाळ्यातही जमीन कोरडी राहते. मी दोन वेळा तेथे जाऊन आलो. मुलांनी आपल्या जागेपुरती झाडलोट केलेली होती आणि रस्त्याच्या बाजूला दगडांची ओळ मांडलेली होती, जेणेकरून निसटलेली सायकल रहदारीत जाऊ नये. ही ओळ बातमीसोबतच्या छायाचित्रातही दिसते.

माझी विनंती मर्यादित आहे. आपल्या वार्ताहरांनी एखाद्या संध्याकाळी तेथे तासभर थांबून एका मुलाचे प्रयत्न मोजावेत आणि ती संख्या छापावी. महापालिकेच्या उद्यान विभागाकडेही आपल्या स्तंभातून एवढेच मागणे आहे की, यापुढे कोणत्याही उद्यानाचे नूतनीकरण करताना एक कोपरा ब्लॉकविना, साध्या घोटलेल्या काँक्रीटचा ठेवावा. तेथे सकाळी योगासने करणाऱ्यांच्या सतरंज्याही नीट पसरतील. आम्ही साडेसहानंतर जागा मोकळी करू.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे