ट्रकमधलं सँडविच

नाशिक,
रविवार, रात्री साडेबारा

प्रिय संज्या,

उद्या लवकर उठायचंय, तरी तुला लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. आत्ताच 'द मॅन फ्रॉम अंकल' बघून संपवला. दिग्दर्शक गाय रिचीचा सिनेमा, 2015चा; 1964 साली सुरू झालेल्या अमेरिकन मालिकेवरून केलेला. गोष्ट म्हणशील तर अणुबाँब, हरवलेला शास्त्रज्ञ आणि एक देखणी खलनायिका, बस्स. पण दोन तास मला घर, ऑफिस, हप्ते, कशाकशाची आठवण झाली नाही रे.

साल 1963. सोलो अमेरिकेच्या सीआयएचा हेर, मूळचा चोर, कडक इस्त्रीचा सूट आणि लोण्यासारखं बोलणं. इल्या रशियाच्या केजीबीचा हेर, आडदांड, संतापला की बोटं थरथरणारा. सुरुवातीलाच पूर्व बर्लिनमध्ये तो सोलोच्या मोटारीमागे धावत सुटतो आणि डिकीचं झाकण हातानं उपटतो! आणि मग साहेब लोक फर्मावतात, आता दोघांनी जोडीनं काम करायचं.

पण मला लिहायचंय ते बोटीबद्दल. पाठलागात सोलो बोटीतून पाण्यात पडतो, पोहत काठावर येतो आणि समोर उभ्या ट्रकमध्ये चढतो. आत कुणाचं तरी खाणं ठेवलेलं. तो निवांत सँडविच खातो, वाइन ओततो, रेडिओवर जुनं इटालियन गाणं लागलेलं. समोर काचेतून दिसतंय, इल्या एकटा गोळ्या चुकवत बंदरात गोल गोल फिरतोय. सोलो थोडा वेळ बघतो. मग ट्रक सुरू करतो आणि सरळ पाण्यात घालतो, शत्रूच्या बोटीवरच! बुडणाऱ्या ट्रकचे दिवे पाण्याखाली जळत राहतात आणि त्या उजेडात तो बुडत्या इल्याला वर काढतो. मी तेवढा भाग तीनदा पाहिला.

मला हरिश्चंद्रगड आठवला. आदल्या रात्री आपण कडाकडा भांडलो होतो, आणि पाचनईच्या वाटेनं उतरताना माझा पाय मुरगळला तेव्हा तू चकार शब्द न काढता माझी सॅक खांद्यावर घेतलीस.

रोममध्ये इल्याच्या वडिलांचं घड्याळ गुंड काढून घेतात. वास्तुविशारदाचं सोंग घेतलेलं, म्हणून त्याला हात उचलता येत नाही. त्या घड्याळाचं पुढं काय होतं, ते लिहीत नाही. दिवाळीत आलास की दिवे घालवून, आवाज मोठा करून परत बघू.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अवि