बाबांचं पोट अजून सावरतंय

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, जुलाब थांबून आठ दिवस झाले तरी रात्री दूध प्यायलं की पोट गुरगुरतं, गॅस धरतो. मी तेव्हा कामात होते, धड बोलता आलं नाही. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

छकुलीला आधी उलट्या झाल्या आणि दोन दिवसांनी बाबा आडवे झाले. डॉक्टरांनीही व्हायरलच सांगितलं. जुलाब-उलट्यांचे हे विषाणू लहान आतड्याला धरतात. आई, तुझ्या मखमलीच्या ब्लाऊजला लव आहे ना, आतड्याला आतून तशीच लव असते. तिच्या टोकाकडच्या पेशी अन्न शोषतात आणि दुधातली साखर फोडणारं लॅक्टेजही त्यांच्यातच असतं. विषाणू त्याच पेशींवर घाला घालतो, लव खुरटते. बुडाशी नव्या पेशी सतत तयार होत असतात, तीन ते पाच दिवसांत वर सरकतात. पण लॅक्टेज पुरेसं व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. बाबा, म्हणून दूध बाधतंय. घाबरू नका, थोडे दिवस दुधाऐवजी ताक घ्या. दह्याच्या विरजणाने ती साखर थोडी आधीच फोडलेली असते. आणखी दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं.

शरीराच्या संरक्षक पेशींचा मोठा भाग आतड्याच्या भिंतीत असतो. तिथून आयजीए नावाची प्रतिपिंडं झिरपतात आणि जंतूंना भिंतीला चिकटू देत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू भाजी-भाकरीतला चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात. तिथल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात आणि सूजही त्याने आटोक्यात राहते. जुलाबात हे जिवाणू वाहून जातात. त्यात भिंतीला सूज आली की तिथे प्राणवायू वाढतो, तो ह्यांना सोसत नाही, आणि भलतेच जिवाणू फोफावतात. 2021 मध्ये आईला कोरोना झाला तेव्हा खोकल्याआधी जुलाबच लागले होते, आठवतं? तो विषाणू पेशींवरच्या एसीई-2 नावाच्या ज्या प्रथिनाला धरून आत शिरतो, ते आतड्यात फुप्फुसापेक्षाही जास्त असतं.

आता मूळ गोष्ट. आईने पाठवलेल्या फोटोत औषधांच्या स्टीलच्या डब्यात अँटिबायोटिकची अर्धवट पट्टी दिसली, दाढदुखीच्या वेळची. त्यातल्या तीन गोळ्या बाबांनी कुणाला न विचारता घेतल्या. बाबा, मला फार वाईट वाटलं. ती गोळी विषाणूला काहीच करत नाही. मारते ती जुलाबातून वाचलेल्या चांगल्या जिवाणूंना, आणि त्यांचा जम पुन्हा बसायला कधीकधी महिने लागतात. तुमच्या वयात अशा गोळ्यांमुळेच नवे जुलाब सुरू होऊ शकतात. रक्त पडलं, ताप चढला तर गोष्ट वेगळी, पण तेही डॉक्टरांनी ठरवायचं.

आई, ओआरएसची मोठी पुडी अख्खी एक लिटर पाण्यात घालायची. तू अंदाजाने पेल्यात अर्धी घालत होतीस, ते फार दाट होतं. मीठ आणि साखर ठरल्या प्रमाणात असली की आतडं दोन्ही एकत्र ओढून घेतं आणि त्यांच्यामागे पाणी आत जातं. ही वाट जुलाबातही चालू राहते. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी कॉलऱ्याची कितीतरी माणसं अशाच पाण्यावर वाचवली.

बाबांच्या बीपीच्या गोळीने लघवी जास्त होते. पुन्हा जुलाब लागले तर ती चालू ठेवायची का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचार. लघवी कमी झाली किंवा बाबा गुंगीत वाटले तर रात्र असली तरी न्यायचं. आणि हात साबणानेच धुवा, सॅनिटायझर ह्या सगळ्या विषाणूंना पुरत नाही.

मऊ भात, केळं, मुगाचं वरण चालू दे. जेवण पचायला लागलं की हळूहळू भाकरी आणि पालेभाजी. शनिवारी सकाळच्या गाडीने येते. बाबा, तो डबा आपण दोघं बसून रिकामा करू.

तुमची,
मनू