लॉगबुकात ‘पाठ चांगला झाला’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘अल्पसंख्याक शाळांतल्या शिक्षकांना टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) नकोच आहे’ अशा सुराचं एका वाचकाचं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचलं. मी कोल्हापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत सातवी-आठवीला तीस वर्षं गणित शिकवून २०१९ साली निवृत्त झाले. त्यामुळे हे पत्र लिहायचा थोडा हक्क मला आहे असं समजते.

आधी एक घोळ मिटवू. उर्दू शाळा म्हणजे मदरसा नव्हे. आमच्याकडे बालभारतीचीच पुस्तकं असतात, फक्त उर्दूतली, आणि मराठी सक्तीची. आमची पोरं बाजारात मराठी बोलतात, घरी दख्खनी, आणि पुस्तकात उर्दू वाचतात. मी ‘मुसल्लस’ म्हटलं की तोंडाकडे बघत राहायची, ‘त्रिकोण’ म्हटलं की हात वर. शाब्दिक उदाहरण उजवीकडून डावीकडे वाचायचं आणि त्याचं समीकरण डावीकडून उजवीकडे मांडायचं, ही कसरत सातवीच्या पोराला रोज करावी लागते. त्याचा हात मध्येच कुठं अडला, हे बघायला शिक्षकाचं तोंड वर्गाकडे असावं लागतं. माझं नव्हतं. ते पुढं सांगते.

सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल सगळ्यांना माहीत आहे. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायची. पाच किंवा त्याहून कमी उरली असेल त्यांची नोकरी शाबूत, पण टीईटीशिवाय बढती नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला आहे, कारण टीईटीची अट ज्या कायद्यातून येते त्या शिक्षण हक्क कायद्यातून २०१४ च्या पाच न्यायमूर्तींच्या निकालानं त्या शाळा बाहेर ठेवल्या होत्या. म्हणजे पळवाट आमच्या शिक्षकांनी शोधलेली नाही. आणि महापालिकेच्या उर्दू शाळांना तर ही सूट मुळात नाहीच. माझी सून तिथंच आहे, २००८ पासून. तिला टीईटी द्यायची आहे आणि ती देणार आहे.

रात्री भांडी झाली की ती जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडते. पेपर दुसरा, दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं. त्यात गणित-विज्ञानाला साठ, दोन भाषांना तीस-तीस, बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला तीस. परवा तिनं सराव प्रश्नसंचातला एक प्रश्न वाचून दाखवला. वर्गात सतत गोंधळ घालणाऱ्या विद्यार्थ्याचं शिक्षकानं काय करावं? बाहेर काढावं, पालकांना बोलवावं, कारण समजून घ्यावं की दुर्लक्ष करावं? सहावीतला नातू पलीकडून ओरडला, “तिसरा!” बरोबरच होतं. नातवाच्या वर्गात मात्र गोंधळ घालणाऱ्याला बाहेरच काढतात.

विषयाचं ज्ञान तपासायला माझा विरोध नाही. अपूर्णांकांचा भागाकार ज्याला स्वतःला जमत नाही त्यानं सातवीला उभं राहू नये. पण ज्ञान असूनही वर्ग हातातून जातो, हे मी अनुभवलंय.

१९८९ चा जून. बी.एस्सी., बी.एड., नवी कोरी साडी, पटावर बासष्ट मुलं. मला गणित उत्तम येत होतं. दहा मिनिटांत मागच्या बाकांवरून कोंबडं आरवायचं. मी डस्टर आपटायची, वर्ग हसायचा. तिसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापिका आपा न सांगता मागच्या बाकावर येऊन बसल्या. पस्तीस मिनिटं एक शब्द बोलल्या नाहीत. तास संपल्यावर वहीचा चतकोर कागद हातात दिला. त्यावर तीन ओळी होत्या. पाठ फिरवली : १९ वेळा. प्रश्न विचारले : ११, सगळे पहिल्या दोन बाकांना. मुलींना : एकही नाही. खाली सही. म्हणाल्या, “अगं पोरी, तू फळ्याला शिकवायलीस.”

त्यानंतर महिनाभर दर शुक्रवारी त्या यायच्या आणि नुसते आकडे द्यायच्या. उपदेश नाही. एकोणीसाचे आठ झाले, मग चार. उदाहरण आधी तोंडी सांगून, मुलांकडून वदवून घेऊन, मग फळ्यावर लिहायचं हे मी तेव्हा शिकले. कोंबडं आपोआप थांबलं. आरवणाऱ्याला काही बोलावंही लागलं नाही. (तो आता रिक्षा चालवतो आणि माझ्याकडून भाडं घेत नाही, यावरून आमचं दर वेळी भांडण होतं.)

याला पाठ निरीक्षण म्हणतात आणि ते आजही प्रत्येक शाळेत ‘होतं’. लॉगबुकात, म्हणजे मुख्याध्यापकांच्या निरीक्षण नोंदवहीत. तपासणीची तारीख आली की एका बैठकीत, एकाच पेनानं, अठरा शिक्षकांच्या नावापुढे ‘पाठ चांगला झाला. फलकलेखन सुबक.’ त्यातले दोघं त्या दिवशी रजेवर, हेही मी पाहिलंय. दोष मुख्याध्यापकांचाच असं नाही. पोषण आहाराचा हिशोब, यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, ‘तातडीचे’ शिक्के मारलेली पत्रं, यातून माणूस वर्गात बसणार कधी?

इंडोनेशियात सातवी ते नववीचे मदरसे सरकारच्या धर्म मंत्रालयाखाली चालतात आणि तिथं गणित-विज्ञानही शिकवतात. त्यांच्या २००५ च्या शिक्षक कायद्यात शिक्षकाला चार गोष्टी यायला हव्यात असं म्हटलंय : शिकवण्याची हातोटी, स्वभाव, लोकांत वागणं आणि विषय. २०१० च्या नियमात धर्म शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी पाचवी जोडली, नेतृत्व. आमच्याकडे नेतृत्व हा शब्द फक्त मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणात निघतो. चाळीस पोरांना पस्तीस मिनिटं बरोबर नेणाऱ्याला काय म्हणायचं मग?

ज्या गावात शाहू महाराजांनी १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली, मुस्लिम पोरांसाठी बोर्डिंग उभं केलं, तिथं आमची पोरं शिकावीत की नाही हा वाद नाहीच. त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून कुणी बघतं का, एवढंच मी विचारतेय. मग ती शाळा उर्दू असो वा मराठी.

गेल्या महिन्यात सून म्हणाली, “अम्मी, तुम्हीच येऊन बसा ना माझ्या तासाला.” मी चतकोर कागद आणि पेन्सिल घेऊन गेलेसुद्धा. मुख्याध्यापकांनी चहा पाजला, अदबीनं बोलले, आणि म्हणाले की बाहेरच्या व्यक्तीला वर्गात बसवायचं तर वरून पत्र लागेल. ते पत्र नेमकं कोणत्या टेबलावर मिळतं, हे संबंधितांनी आपल्या अंकातून कळवलं तर मी अर्ज घेऊन येते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर