सुध्या, त्या ढोलवाल्या पोराबद्दल

नाशिक,
२१ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुध्या,

आठ महिने झाले, माहीत आहे. घाल शिव्या. पूर्वी माझी पत्रं तुझी आई वाचून दाखवायची, म्हणून मला शिव्या लिहिता यायच्या नाहीत. आता तुझ्या मोबाईलमधली बाई वाचते, ती कशालाच लाजत नाही. तिला जरा भरभर वाचायला लाव, पत्र लांबणार आहे.

तब्येत ठीक. शुगर गोळीवर आहे, आईचा गुडघा आहे तसाच.

आता मुद्दा. हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, "नियमाने वागलात ना, मग झालं."

जूनपासून कॉलेजची परीक्षा माझ्या गळ्यात मारली आहे. दिवाळीआधी एफवायचा एक मुलगा अर्ज घेऊन आला, पेपर लिहून द्यायला रायटर पाहिजे म्हणून. सोबत सरकारी दवाखान्याचा दाखला: उजव्या हाताला रायटर्स क्रॅम्प, लिहिता येत नाही. मी दाखल्यावर अपंगत्वाचे टक्के शोधले. नव्हते. चाळीस टक्क्यांच्या आत असेल तर रायटर नाही, एवढं मला पाठ होतं. शिवाय पोराला मी ओळखलं. विसर्जनाच्या मिरवणुकीत रविवार कारंजावर पथकाच्या पहिल्या रांगेत ढोल बडवत होता. नाशिक ढोल, सुध्या! तो कमरेला बांधून तासन्‌तास वाजवणाऱ्याला पेन झेपत नाही? मी हसलो. त्याच्या तोंडावर हसलो. म्हटलं, "ढोल वाजवायला नाही लागत का रे रायटर?" शिपाईही हसला. पोरगा काही बोलला नाही, अर्ज उचलला आणि गेला.

पहिल्या पेपराला वर्गांवर फेरी मारत होतो. बोटं पेनाभोवती आकडा घालून बसलेली, मनगट वाकडं, आणि डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरून तो लिहीत होता. लिहीत म्हणजे कोरत. अडीच तासांत साडेतीन पानं. शेवटचं पान मी पाहिलं, त्यावर अक्षरं नव्हतीच, नुसते ओरखडे.

रात्री वाचत बसलो. हा प्रकार लिहायला घेतलं की उपटतो. तोच हात ढोल वाजवेल, गाडी चालवेल, पेन धरलं की मेंदूकडून भलताच हुकूम सुटतो. आणि माझा तो चाळीस टक्क्यांचा नियम? रायटरसाठी ती अट लावता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने ११ फेब्रुवारी २०२१ लाच सांगून टाकलंय. त्या खटल्यातला उमेदवार एमबीबीएस झालेला, यूपीएससीला बसणारा, आणि दुखणं हेच, रायटर्स क्रॅम्प! पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या सूचनाही निघाल्या, की चाळीसच्या आत असला तरी सरकारी दाखला असेल तर रायटर द्या, वर तासाला वीस मिनिटं जादा. म्हणजे अडीच तासाला पन्नास मिनिटं. पोराने बरोबर तोच दाखला आणला होता.

आणि हे कुणी करावं? मी! लेखनिक एक वर्ष खालचा लागायचा, म्हणून नाइलाजाने माझ्याशी दोस्ती केलीस असं तू अजून चारचौघांत सांगतोस, तो मी. अर्थशास्त्राच्या पेपरात तू सांगितलंस एक आणि मला बरोबर वाटलं ते मी लिहिलं. वर बाहेर येऊन फुशारकी मारली. तू म्हणालास, "तुझा हात मागितला होता, डोकं नाही." तीन महिने अबोला. (त्या उत्तरामुळे तू पास झालास, हे मी मरेपर्यंत म्हणणार.)

आणि तो फीच्या खिडकीवरचा क्लार्क, तुझ्यापुढे बोटं नाचवत "किती? सांग, किती?" करणारा? वर्षभर आपण त्याला 'किती' म्हणायचो. टक्के किती, टक्के किती करत परवा मीही तेच केलं रे.

उरलेल्या चार पेपरांना रायटर दिला, वेळही दिला. पोरगा "थँक्यू सर" म्हणाला, मान वर न करता. पहिला पेपर पुन्हा घ्यावा म्हणून नोट लिहिली, त्यात साफ लिहिलं की चूक माझी. प्राचार्य म्हणाले, पेपर घेऊ, पण कारण 'तांत्रिक' लिहा, उगाच कागदावर कशाला. तसं लिहिलं तर मी सुटतो आणि पोरगा मात्र तांत्रिक अडचण ठरतो. नाही लिहिलं, तर ती फाईल टेबलाबाहेर पडेल का याची शंका आहे, आणि पेपर त्याला पाहिजे आहे. तीन रात्री हेच चाललंय डोक्यात.

तुझी नागपूरची बदली रद्द झाली का? चिंगीचं अ‍ॅडमिशन कुठे? वहिनींना नमस्कार. इकडे येणार असशील तर आधी कळव, सिंहस्थाच्या नावाखाली रस्ते इतके खणलेत की तुझी काठी इथे पहिल्याच दिवशी राजीनामा देईल.

नोट सोमवारी द्यायची आहे. रविवारी रात्री फोन कर. तू सांग, मी लिहितो. या वेळी नुसता हात.

तुझा,
विन्या