ड्रॉप नाही म्हणजे कडक नव्हे लका

उद्यमनगर, कोल्हापूर

भावा,

सुट्टीला घरी आलोय, तुझा मेसेज बघितला आणि म्हटलं हे नीट बसूनच लिहावं. रनअपला, म्हणजे उड्डाणाआधी इंजिन तपासताना, १८०० आरपीएमवर चावी उजव्या मॅग्नेटोवर टाकलीस (मॅग्नेटो म्हणजे प्लगला ठिणगी देणारं यंत्र, इंजिनला दोन असतात), आरपीएमचा काटा जरासुद्धा खाली आला नाही, आणि तुझा सीनियर म्हणतोय ड्रॉप नाही म्हणजे इंजिन एकदम कडक. लका, उलटं आहे ते! तुमच्या सेस्ना १७२ एस विमानाला एका मॅग्नेटोवर १५० आरपीएमपर्यंत ड्रॉप चालतो, दोन्हीतला फरक ५० च्या वर नको, पण थोडा तरी पडायलाच पाहिजे कारण तेव्हा प्रत्येक सिलिंडरला दोनातला एकच प्लग पेटत असतो. पडलाच नाही म्हणजे बहुतेक डावा बंदच झाला नाही, त्याला बंद करणारी अर्थिंगची वायर, आम्ही पी-लीड म्हणतो ती, तुटली नाहीतर सुटली असणार. टायमिंगचंही असू शकतं, ते एएमई, म्हणजे देखभालीचे इंजिनिअर, बघतील. पण वायर असली तर चावी ऑफ करून खिशात घातली तरी मॅग्नेटो जिवंतच, त्याला बॅटरी लागतच नाही, कुणी प्रोपेलर हातानं जरा फिरवला की इंजिन पेटू शकतं आणि मग हात काय राहतोय.

इन्स्ट्रक्टरला बोललास ते बरं केलंस, पण तोंडी सांगितलेलं चहाबरोबर जातंय रे, तुझ्यानंतर जो उडणार तो टेक लॉग, म्हणजे विमानाच्या बिघाडांची वही, वाचणार. आणि नुसतं 'मॅग्नेटो प्रॉब्लेम' लिहू नको, हँगरमध्ये असल्या स्नॅग, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, वाचून आमचं डोकं फिरतंय, शेवटी 'ग्राउंड रन केला, ठीक आहे' लिहून विमान परत बाहेर. आमच्या पप्पांच्या वर्कशॉपला गिऱ्हाईक येतंय, 'इंजिन आवाज करतंय' म्हणतंय, की पप्पांचा पहिला प्रश्न, गार असताना का तापल्यावर? तेवढंच लिही, किती आरपीएम, चावी कुठं, इंजिन गरम होतं का. ड्रॉप जास्त आला तरी थरथरत पडला का गुळगुळीत ते टाक, थरथरला तर आधी प्लग बघतात.

नोजव्हील, पुढचं चाक, थरथरतंय म्हणालास तेही टाक, टेकऑफला का लँडिंगला, साधारण कुठल्या स्पीडला. कारण शोधणं तुझं काम नाही.

सीनियरला वाईट वाटलं तर वाटू दे. आज संध्याकाळच्या आत लिही, विमान उद्याच्या रोस्टरवर असलं तर मला फोन कर.

तुझाच