सावकार होण्याआधी

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

बोनसचे दोन लाख रुपये त्या पी-टू-पी ॲपमध्ये, म्हणजे अनोळखी माणसांना थेट कर्ज देता येतं त्या ॲपमध्ये, टाकू का, असं विचारलंस आणि वर "बँक सात टक्के देते, हे अठरा देतात" असंही म्हणालीस. फोनवर मी हो-नाही काहीच बोललो नाही, कारण आकडे मांडल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नसतो. पैसे तुझे आहेत, तेव्हा अडवायला हे पत्र लिहीत नाही. पण पतसंस्थेच्या कर्ज विभागात नोकरी संपवलेल्या माणसाला विचारलंस, तर उत्तर वसुलीच्या बाजूनेच येणार.

बँकेत तू ठेवीदार असतेस. कर्जदाराने हप्ता थकवला तर ती बँकेची डोकेदुखी, आणि बँकच बुडाली तरी पाच लाखांपर्यंत ठेवीला विमा असतो. इथे मात्र तू सावकार आहेस. कंपनी फक्त गाठ घालून देते, एस्क्रो म्हणजे त्रयस्थाच्या ताब्यातल्या खात्यातून पैसे इकडून तिकडे जातात आणि कर्ज बुडालं तर तुझं बुडतं. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये या कंपन्यांसाठी नियम केले, तेव्हाच त्यांना स्वतःच्या खिशातून कर्जाची हमी द्यायला मनाई केली होती. तरीही मधली काही वर्षं हा धंदा चकचकीत मुदत ठेवीसारखा विकला गेला: ठरावीक परतावा, हवे तेव्हा पैसे परत. हवे तेव्हा परत कसे मिळायचे? तुझ्या वाट्याचं कर्ज दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालून. 16 ऑगस्ट 2024 ला रिझर्व्ह बँकेने हे सगळं बंद केलं आणि मुद्दल-व्याजाचा पूर्ण तोटा कर्ज देणाऱ्याचाच, असं लिहून टाकलं. त्यानंतर बऱ्याच ॲपनी नवे पैसे घेणंच थांबवलं. यावरून आधीची गिऱ्हाइकं कशाच्या भरवशावर येत होती ते समज.

आता तुझे अठरा टक्के. समज, एक लाख रुपये तू शंभर जणांना हजार-हजार करून दिलेस, बारा मासिक हप्त्यांवर. हजाराला महिना साधारण 92 रुपये हप्ता बसतो. वर्षाअखेर एका माणसाकडून 1,100 रुपये येतात, 1,180 नाही. कारण मुद्दल दर महिन्याला परत येत असतं आणि व्याज उरलेल्या रकमेवरच मिळतं. परत आलेले पैसे पुन्हा कर्जाऊ दिलेस तर दर टिकेल, पण मग जोखीमही पुन्हा घ्यायची.

शंभरातल्या आठांनी एकही हप्ता भरला नाही, असं धर. ब्याण्णव जणांकडून 1,01,200 रुपये आले. एक लाख गुंतवून वर्षभरात बाराशे रुपये सुटले, तेही कंपनीचं शुल्क वजा करायच्या आधी. आता कर बघ. मिळालेलं व्याज झालं सुमारे 9,200 रुपये आणि ते तुझ्या उत्पन्नात धरलं जाणार. बुडालेल्या आठ हजारांची वजावट तुझ्यासारख्या पगारदाराला त्यातून सहसा मिळत नाही. तू तीस टक्क्यांच्या टप्प्यात असशील तर उपकरासह 2,870 रुपयांच्या आसपास कर. म्हणजे बाराशे मिळवून अठ्ठावीसशेहून जास्त कर! हे गणित मी दोनदा तपासलं. तूही एक्सेलमध्ये घालून बघ, हप्त्याचं सूत्र तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

सगळेच पहिल्या हप्त्याला बुडवत नाहीत, हे खरं. चार-पाच हप्ते भरून हात वर करणारे जास्त असतात, तिथे नुकसान कमी होतं. पण मग तेवढेच पैसे गमवायला आणखी काही बुडवे पुरतात, इतकाच फरक.

बुडवे आठ असतील की दोन, हे कर्ज घेणारा कोण यावर ठरतं. ज्याला बँक अकरा-बारा टक्क्यांनी पैसे देते तो अनोळखी माणसांकडून अठरा-वीसने का घेईल? बँकेने परत पाठवलेले, ज्यांच्या डोक्यावर आधीच तीन हप्ते आहेत, एका ॲपचं फेडायला दुसऱ्या ॲपकडे जाणारे, अशांची भर इथे जास्त. काही खरेच गरजू आणि प्रामाणिकही असतात, पण यादीत दोघेही सारखेच दिसतात. आमच्याकडे दोन जामीनदार असत, पगारातून कपातीचं पत्र असे आणि तरी थकलंच तर सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला. एवढं असून मार्च अखेरीस थकबाकीचा तक्ता करताना घाम फुटायचा. तुझ्या हजार रुपयांसाठी कोण कुणाच्या दारात जाणार आहे?

रक्कम पुष्कळांत वाटली की जोखीम संपली, असं ते सांगतील. एका कर्जदाराला 50,000 रुपयांच्या वर देता येत नाही, हा नियमही त्यासाठीच आहे. एक माणूस आजारी पडला, एकाने दगा दिला, इथपर्यंत वाटणीचा उपयोग होतो. पण 2020 च्या टाळेबंदीत लोकांचे पगार एकेक करून थांबले नव्हते.

आणखी एक युक्ती ओळखायला शीक. कंपनी म्हणते, "आमची थकबाकी फक्त तीन टक्के." भागाकार कशाने केला ते विचार. दर महिन्याला नवी कर्जं भराभर वाटली की एकूण रक्कम फुगते, नव्या कर्जाला थकायला अजून वेळच मिळालेला नसतो आणि टक्का आपोआप सुंदर दिसतो. आमच्या संचालक मंडळालाही हे फार आवडायचं. म्हणून एकाच महिन्यात दिलेली कर्जं धर आणि दीड वर्षाने त्यातले किती पैसे परत आले ते बघ. थकीत कर्जांचं प्रमाण आणि कर्ज देणाऱ्यांचा तोटा जाहीर करणं आता या कंपन्यांवर बंधनकारक आहे, तेव्हा मागायला संकोच नको.

परदेशात हा प्रयोग आपल्या आधी झाला. ब्रिटनमधली 'झोपा' (Zopa) ही 2005 पासूनची, या धंद्यातली आद्य कंपनी. अमेरिकेत लेंडिंग क्लब मोठी. पुढे दोघीही बँका झाल्या. सामान्य माणसांकडून थेट कर्ज देववणं लेंडिंग क्लबने 2020 च्या अखेरीस बंद केलं आणि झोपाने 2021 मध्ये. कर्जदारांची सगळ्यात जास्त माहिती ज्यांच्याकडे होती, त्यांना लोकांच्या ठेवी घेणं बरं वाटलं.

तरीही करायचंच असेल तर दोन लाख नको. वीस हजार घाल, हजार-हजारात वाट, पुन्हा गुंतवण्याचं बटण बंद ठेव आणि दीड वर्ष नुसतं बघत राहा. खात्यात आलेला प्रत्येक रुपया तारखेसह लिहून ठेव. ॲपवरचा परताव्याचा आकडा सोडून दे, एक्सआयआरआर, म्हणजे तारखा धरून काढलेला खरा वार्षिक परतावा, तू स्वतः काढ. बाकीच्या पैशांतून आधी तुझ्या क्रेडिट कार्डाचे ते हप्ते मिटव. त्यावर तू किती व्याज भरतेस ते आईला अजून सांगितलेलं नाही.

कंपनीने कर्जांची यादी दिली तर मला पाठव. छापून घेतो, पडद्यावर मला नीट दिसत नाही.

तुझा,
बाबा