मनाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या हिरड्याही तपासा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

ठाण्याच्या नौपाड्यात माझं औषधांचं दुकान आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम या चिंतेवरच्या नि झोपेच्या गोळ्या ‘शेड्यूल एच-वन’ या सरकारी यादीतल्या. डॉक्टर कोण, पेशंट कोण, गोळ्या किती, सगळं वेगळ्या रजिस्टरात लिहून ३ वर्षं जपावं लागतं. त्याच रजिस्टरातली काही माणसं पुढे हिरड्यांना लावायचं जेल मागायला येतात. “ब्रश केला की रक्त येतं हो.” तोंड कोरडं पडतं का, असं विचारलं की म्हणतात, “पडतं, पण त्याचं काय?”

चिंता आणि नैराश्यावरच्या बऱ्याच औषधांनी लाळ कमी होते. अमिट्रिप्टिलिन या नैराश्यावरच्या औषधाने तर फारच. लाळ तोंडातलं आम्ल कमी करते, अन्नकण धुऊन काढते, जंतूंना आवरते. ती आटली की दात किडतात, हिरड्यांच्या कडेला थर साचतो. त्यात घसा सुकतो म्हणून लोक दिवसभर लिमलेट चघळतात, म्हणजे आणखी साखर! एसएसआरआय या नैराश्यावरच्या गटातल्या औषधांनी काहीजण झोपेत दात खाऊ लागतात, ते वेगळंच.

तरी सगळा दोष गोळीचा नाही. चिंतेनेही हिरड्या बिघडतात: प्रतिकारशक्ती ढासळते, तंबाखू वाढतो, रात्रीचा ब्रश राहून जातो. उंदरांवरच्या एका प्रयोगात तर फ्लुओक्सेटिन या एसएसआरआय औषधाने हिरड्यांची सूज आणि हाडाची झीज उलट कमी झाली. उंदरांचं माणसांना लगेच लागू होत नाही, हे खरं. पण ‘गोळ्यांनी दात पडतात’ असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरला आणि कुणी अल्प्राझोलाम एकदम बंद केली, तर फिटसुद्धा येऊ शकते. मला त्याचीच धास्ती जास्त.

ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीपासून सुरुवात करा. केसपेपरवर दोनच प्रश्न हवेत: तोंड कोरडं पडतं का, हिरड्यांतून रक्त येतं का? उत्तर ‘हो’ आलं तर दंतवैद्याकडे चिठ्ठी. सरकारी दंत ओपीडीतही झोपेच्या नि चिंतेच्या गोळ्यांबद्दल नाव घेऊन विचारावं, तेही बाजूला नेऊन. लोक बीपी-शुगरचं बिनदिक्कत सांगतात, हे मात्र लपवतात.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम राज्यात आपलंच खातं राबवतं. एका परिपत्रकाचं काम आहे, ते काढावं ही विनंती.

आपला,
ठाण्यातील एक औषधविक्रेता